म्हातारा कुत्रा रात्री झोपत नाही, येरझाऱ्या घालतो, रडतो: पुन्हा पुन्हा येणाऱ्या या त्रासाचं मूळ कसं शोधायचं

दहा-बारा वर्षं रात्री गाढ झोपणारा कुत्रा एके दिवशी मध्यरात्रीनंतर उठायला लागतो. घरभर येरझाऱ्या घालतो, धापा टाकतो, दाराशी जाऊन उभा राहतो आणि दार उघडलं तर बाहेर जात नाही. कुईकुई करतो, आडवा होतो, दहा मिनिटांत पुन्हा उठतो. आठवडाभर असं गेलं की काहीतरी केलं जातं. डॉक्टर एखादं औषध देतात, अंथरूण बदललं जातं, रात्रीचं खाणं लवकर दिलं जातं. चार-सहा रात्री बऱ्या जातात आणि महिन्याभराने पुन्हा तेच सुरू होतं. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की घरातलं कुणीतरी म्हणतं, "वय झालं आता त्याचं, चालायचंच."

आमच्या चिंगीच्या बाबतीत हे वाक्य मीच म्हणाले होते. ती तेव्हा तेरा वर्षांची होती. त्या एका वाक्यामुळे तिने चार महिने दुखणं अंगावर काढलं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

वय हा आजार नाही. म्हातारपणी झोप मोडते तेव्हा मागे काहीतरी नेमकं कारण असतं, आणि बऱ्याचदा एक नाही, दोन-तीन कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. त्रास परत येतो तो त्यामुळेच. एका कारणावर इलाज होतो, दुसरं तसंच राहतं, आणि तिसरं कधीकधी आपणच दिलेल्या औषधातून उभं राहतं.

आधी सात रात्री लिहून काढा

नवं औषध, नवी गादी, काहीही आणण्याआधी एक वही घ्या. किती वाजता उठला, उठल्यावर सगळ्यात आधी काय केलं, कशाने शांत झाला आणि दिवसभरात किती झोपला, एवढं लिहा. जमेल तेव्हा मोबाईलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढा. दवाखान्यातल्या टेबलावर कुत्रा घाबरून ताठ उभा राहतो, लंगडतही नाही. डॉक्टरांना तुमच्या घरातली रात्रीची तीनची वेळ दिसत नाही, ती तुम्हीच दाखवायची आहे.

वहीतला सगळ्यात उपयोगी रकाना म्हणजे "उठल्यावर पहिलं काय केलं". थेट पाण्याच्या भांड्याकडे किंवा दाराकडे गेला आणि भरपूर शू केली, तर चौकशी मूत्रपिंड, साखर आणि हार्मोन्सकडे वळते. उठतानाच धडपडला, गोल फिरून बसला, अंग टेकवलं आणि लगेच परत उठला, तर दुखण्याचा संशय घ्यायचा. नीट उठला, चालायलाही लागला, पण कुठे जायचं ते कळत नसल्यासारखा फिरला, कोपऱ्यात तोंड करून उभा राहिला किंवा दाराच्या उघडणाऱ्या बाजूऐवजी बिजागरीच्या बाजूला जाऊन थांबला, तर मेंदूकडे पाहायचं. मान लांब करून बसून राहिला, आडवं व्हायला तयार नाही, खोकतो, तर छाती तपासायची आणि तीही लगेच.

चिंगीच्या वहीतली एक नोंद अशी आहे: "२.१० उठली. उठायला तीन प्रयत्न. मागचा डावा पाय मागे ताणून उभी. गादीवर बसायला गेली, अर्ध्यात थांबली, पुन्हा उभी. धापा. २.४० ला गादी सोडून थंड फरशीवर आडवी. ३.०५ पुन्हा उठली, पाय घसरला." त्याआधीचे चार महिने मी तिला "भूक लागली असेल" म्हणून बिस्किटं देत होते. ही नोंद मी डॉक्टरांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी तिला तपासायच्या आधीच विचारलं, "मागच्या पायांचा एक्सरे कधी काढलाय?"

दुखणं: सगळ्यात जास्त वेळा निसटणारं कारण

सांधे झिजलेला कुत्रा ओरडत नाही. पायावर पाय पडला तर कुत्रा केकाटतो, म्हणून आपण धरून चालतो की दुखत असेल तर आवाज करेलच. रोजचं, मुरलेलं दुखणं वेगळं असतं. त्यात कुत्रा गप्प होतो आणि आपल्या हालचाली आखडत्या घेतो. जिने चढताना थांबतो, पलंगावर उडी मारायचं सोडतो, अंग झटकणं अर्ध्यावर थांबवतो, एकाच सांध्याला चाटत बसतो. मागच्या मांड्या हाताला बारीक लागतात आणि पुढचे खांदे भरलेले राहतात, कारण भार पुढच्या पायांवर गेलेला असतो. मागच्या पायांच्या मधल्या दोन नखांची टोकं घासून बोथट झालेली असतील, तर चालताना पाय पुरता उचलला जात नाही असं समजा.

मग हे रात्रीच का वाढतं? दिवसा कुत्रा थोडाथोडा हलत असतो, माणसांत रमलेला असतो. रात्री चार-पाच तास एका कुशीवर पडून राहिलं की सांधे आखडतात, कूस बदलताना कळ येते आणि झोप उडते. सुट्टीच्या दिवशी लांब फिरवून आणलं तर त्या रात्री त्रास हमखास वाढतो. "दमून झोपेल" हा हिशोब म्हाताऱ्या सांध्यांना लागू पडत नाही. एका मोठ्या फेरीऐवजी दिवसातून तीन-चार छोट्या फेऱ्या बऱ्या.

दुखणं आहे की नाही हे ठरवायचा एक साधा मार्ग बरेच डॉक्टर सुचवतात: रक्त तपासून, ठरावीक दिवस वेदनाशामक देऊन पाहायचं आणि वहीतल्या नोंदी बदलतात का ते बघायचं. चिंगीला मेलॉक्सिकॅम सुरू केलं तेव्हा पाचव्या रात्री ती सलग सहा तास झोपली. मी दोनदा उठून तिचा श्वास चालू आहे ना ते पाहून आले.

या जातीच्या औषधांबद्दल काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब ही औषधं सुरू करण्याआधी मूत्रपिंड आणि यकृताची रक्त तपासणी हवी आणि औषध चालू असेपर्यंत ती अधूनमधून पुन्हा करायला हवी. स्टेरॉइडसोबत ती देत नाहीत. उलटी झाली, खाणं सुटलं किंवा शी काळी डांबरासारखी झाली तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. आणि आपल्या कपाटातली गोळी अर्धी करून कधीही द्यायची नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निरुपद्रवी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते.

मूत्रपिंडांमुळे ही औषधं चालत नसतील तरी मार्ग संपत नाहीत. नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन आहे, फिजिओथेरपी आहे, आणि काही देशांत सांधेदुखीसाठी महिन्यातून एकदा द्यायचं बेडिनवेटमॅबचं इंजेक्शनही मिळतं. त्याला युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली. बऱ्याच कुत्र्यांना त्याने फरक पडतो, पण डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पशुवैद्यांना पत्र पाठवून तोल जाणं, झटके येणं अशा नोंदवल्या गेलेल्या दुष्परिणामांकडे लक्ष वेधलं आहे. तेव्हा हे इंजेक्शन घ्यायचं ठरलंच तर दोन्ही बाजू डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.

आता इथेच तो परत येणारा त्रास लपलेला असतो. कुत्रा बरा दिसायला लागतो, दहा दिवसांची पट्टी संपते आणि आपण थांबतो. ताप उतरला की औषध बंद, ही आपली सवय. सांध्यांची झीज उतरत नाही. औषधाने दुखणं दबलेलं असतं, ते थांबलं की दोन-तीन आठवड्यांत रात्रीच्या येरझाऱ्या परत सुरू होतात आणि आपल्याला वाटतं, औषध लागू पडलं नाही. मीही हेच केलं होतं. डोस कमी करायचा असेल तर डॉक्टरांना विचारून, वही चालू ठेवून, हळूहळू.

औषधाइतकीच फरशी महत्त्वाची आहे. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकतात आणि कुत्रा रात्रभर तोल सावरत राहतो. एकदा घसरून पडला की त्याचा धीर सुटतो, मग तो पाण्यापर्यंतही जायला बिचकतो आणि जागच्या जागी उभा राहून रडतो. गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत न सरकणाऱ्या मॅटची सलग वाट करून द्या. मध्ये दोन फुटांची फट ठेवू नका. चिंगी बरोबर त्या फटीपाशी येऊन थांबायची. पंजाच्या गाद्यांमधले केस कापा. नखं वाढली असतील तर प्रत्येक पावलाला बोटं वर ढकलली जातात, म्हणून ती दर दोन-तीन आठवड्यांनी थोडीथोडी कापा.

आणि वजन. सांध्यांच्या औषधांवर खर्च करणारे पुष्कळ लोक कुत्र्याचं जास्तीचं वजन मात्र लाडाने सांभाळतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांना जन्मभर पाहिलं गेलं. त्यांतल्या निम्म्यांना जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारे कुत्रे जवळजवळ १.८ वर्षं जास्त जगले आणि त्यांना सांधेदुखीच्या उपचारांची गरजही उशिरा पडली. अर्थात तेराव्या वर्षी एकदम खाणं तोडायचं नसतं. चरबी उतरावी पण स्नायू टिकावेत, एवढ्या बेताने, डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घेऊन ते करायचं.

पाणी किती पितो ते मोजा

"हल्ली जरा जास्त पितो" यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. सकाळी मोजून पाणी भरा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा, वजा करा आणि कुत्र्याच्या वजनाने भागा. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर आकडा गेला तर तो नक्कीच जास्त आहे. म्हणजे १२ किलोच्या कुत्र्याने १२०० मिलिलिटरच्या वर पाणी संपवलं तर लगेच तपासणी हवी. निरोगी कुत्रा साधारण याच्या निम्म्यात भागवतो, त्यामुळे आकडा शंभराच्या आत असला तरी पूर्वीपेक्षा दुप्पट झाला असेल तर तेही सांगा. घरात दोन जनावरं असतील तर एक दिवस भांडी वेगळी करा.

जास्त पाणी, जास्त शू यामागे मूत्रपिंडांचा आजार, मधुमेह, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार) किंवा लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग असू शकतो. नसबंदी न झालेल्या मादीत गर्भाशयात पू झाला असण्याची शक्यता असते आणि ते काम त्याच दिवशी करायचं असतं. सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत धरून न्या. मूत्रपिंडांसाठी रक्तात तपासलं जाणारं क्रिएटिनिन तेवढं नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. मूत्रपिंडांचं साधारण तीन चतुर्थांश काम गेल्यावर ते वाढतं. एसडीएमए नावाची रक्ताची चाचणी त्याच्या बरीच आधी बिघाड दाखवते, आणि लघवीची घनताही पुष्कळ काही सांगून जाते.

इथेही त्रास परत येण्याचं एक कारण दडलेलं आहे. खाजेसाठी दिलेलं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, हृदयासाठी दिलेलं फ्युरोसेमाइड, झटक्यांसाठीचं फिनोबार्बिटोन, या सगळ्यांनी तहान आणि लघवी वाढते. त्वचा बरी होत असते आणि रात्री बिघडत असतात, पण ते दोन धागे आपण जोडत नाही. रात्रीचा त्रास नव्याने सुरू झाला की मागच्या दोन आठवड्यांत कुठलं औषध सुरू झालं, बंद झालं किंवा बदललं, हे सगळ्यात आधी आठवा. फ्युरोसेमाइडची वेळ डॉक्टरांना विचारून थोडी अलीकडे घेता आली तरी मध्यरात्रीची एक फेरी वाचते.

पाणी मात्र कधीही काढून ठेवू नका. आजारामुळे शरीरातलं पाणी बाहेर जात असतं म्हणून तो पितो. भांडं उचललं तर एका रात्रीत तब्येत ढासळू शकते. त्याऐवजी झोपायच्या अगदी आधी एक शेवटची फेरी मारा.

झोपेत गादी ओली होत असेल तर ती वेगळी गोष्ट आहे. नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडतो आणि गाढ झोपेत शू गळते. तिला ते कळतही नाही, आणि कळतं तेव्हा ओल्या गादीवरून ती अवघडून उठते. रागावू नका. यावर चांगली औषधं आहेत आणि ती बहुतेक माद्यांना लागू पडतात.

मेंदू थकतो तेव्हा

माणसांतल्या स्मृतिभ्रंशासारखा आजार कुत्र्या-मांजरांनाही होतो. माणसांच्या अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं बीटा-अमायलॉइड हे प्रथिन म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूतही सापडतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि १५-१६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्क्यांत याचं किमान एक लक्षण आढळलं होतं. ओळखीच्या घरात चुकणं, माणसांपासून तुटल्यासारखं वागणं किंवा उलट सावलीसारखं मागे लागणं, दिवस-रात्र उलटी होणं, घरात शू-शी करणं, उगाच फिरत राहणं आणि कारणाशिवाय घाबरणं, ही याची मुख्य लक्षणं.

पण हे निदान सगळ्यात शेवटी करायचं असतं, बाकीची कारणं बाजूला काढल्यावर. याबद्दल माझं मत ठाम आहे. "डिमेन्शिया आहे" असं एकदा म्हटलं की तपासण्या थांबतात, आणि दुखऱ्या सांध्यांचा कुत्रा भ्रमिष्ट ठरून उरलेलं आयुष्य कळा सोसत काढतो.

निदान खरंच तसं असेल तर दिवसापासून सुरुवात करायची. सकाळचं ऊन अंगावर पडू द्या, दुपारी तासातासाने हळूच हाक मारून उठवा, चार पावलं चालवा, खाऊ टॉवेलमध्ये गुंडाळून हुंगून शोधायला द्या. नाकाचं काम म्हाताऱ्या कुत्र्याला पळण्याइतकंच दमवतं आणि सांध्यांना त्याचा काहीच त्रास नसतो. खाण्या-फिरण्याच्या वेळा पक्क्या ठेवा. घरातल्या सामानाची हलवाहलव टाळा.

औषधांमध्ये सेलेजिलिनला या आजारासाठी अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. त्याचा परिणाम दिसायला महिना-दीड महिना लागू शकतो, त्यामुळे आठवड्याभरात हात टेकू नका. फ्लुओक्सेटिन (चिंता-नैराश्यावरचं औषध) किंवा ट्रॅमाडॉल (वेदनाशामक) चालू असेल तर ते देत नाहीत, म्हणून चालू औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांसमोर ठेवा. एमसीटी तेल (मेंदूला सहज इंधन पुरवणारा स्निग्ध पदार्थ) असलेला आहार काही कुत्र्यांना उपयोगी पडतो. झोपेसाठी मेलाटोनिन किंवा गॅबापेंटिन सुचवलं गेलं तर माणसांसाठीच्या बाटलीवरचे घटक वाचा. त्यात झायलिटॉल हा गोडीसाठी घालतात तो पदार्थ असेल तर ते कुत्र्याला विष आहे. गॅबापेंटिनच्या माणसांसाठीच्या पातळ औषधात ते सापडतं.

नुसती गुंगी आणणारं औषध मागू नका, हे मी हात जोडून सांगते. अॅसिप्रोमॅझिनसारख्या औषधाने शरीर लुळं पडतं, आतली भीती तशीच राहते. बाहेरून घर शांत होतं, पण तो शांत झालेला नसतो.

अंधार पडला की लगेच सुरू होतं?

मग डोळे आणि कान तपासा. म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांत दिसणारी निळसर झाक बऱ्याचदा भिंगाचा नुसता कडकपणा असतो आणि त्यातून त्याला बऱ्यापैकी दिसतं. मोतीबिंदू वेगळा, आणि त्यातला फरक डॉक्टरच सांगू शकतात. गादी, पाणी आणि दार या तिन्ही ठिकाणी जमिनीलगत छोटा दिवा लावून ठेवा. ऐकू येत नसेल तर सगळे झोपल्यावर घर त्याच्यासाठी अगदी रिकामं होतं. अशा कुत्र्याची गादी आपल्या खोलीत, आपला वास येईल इतकी जवळ आणली की बरेचदा पहिल्याच रात्री फरक पडतो. त्याला उठवताना अंगाला एकदम हात लावू नका, जमिनीवर पाय आपटून कंप पोचवा.

मांजर रात्री मोठमोठ्याने ओरडत असेल तर

दहा वर्षांपुढचं मांजर रात्री घसा ताणून ओरडायला लागलं तर थायरॉइड, रक्तदाब आणि मूत्रपिंडं या तिन्हीची तपासणी एकाच फेरीत करून घ्या. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल तर थायरॉइडचा संशय पहिला. रक्तदाब वरचा १६० च्या पुढे असेल तर लक्ष द्यावं लागतं आणि १८० च्या पुढे गेला तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं. बाहुल्या मोठ्या होऊन तशाच राहिल्या आणि मांजर भिंतीला धडकत चालायला लागलं तर सकाळची वाट पाहू नका.

मांजराचं सांध्यांचं दुखणं तर कुत्र्याहूनही जास्त लपतं. बारा वर्षांपुढच्या १०० मांजरांचे एक्सरे पाहून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९० मांजरांच्या हाडा-सांध्यांत झीज दिसली होती. ट्रेच्या बाहेर शू करणाऱ्या म्हाताऱ्या मांजराला बऱ्याचदा ट्रेची उंच कडा ओलांडता येत नसते. एका बाजूने कडा कापून दोन-तीन इंचांवर आणा, मग वर्तनाचा विचार करा.

यात वही बाजूला ठेवून निघायचं

झोपेतला श्वास मोजा. छाती वर-खाली झाली की एक, असे मिनिटभर. तो सतत ३० च्या वर असेल तर हृदय किंवा फुप्फुसांची तपासणी तातडीने हवी. पोट फुगलंय आणि उलटीचा उमाळा येतोय पण काही पडत नाही, शू करायला बसतो पण थेंबही येत नाही, झटके येताहेत, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठा.

आणखी एक. म्हातारा कुत्रा अचानक मान तिरकी करतो, डोळ्यांची बुब्बुळं एका लयीत सरकत राहतात, उभं राहता येत नाही, ओकतो. पाहणाऱ्याला वाटतं अर्धांगवायू झाला, आता संपलं. बऱ्याचदा हा आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो आणि तीन-चार दिवसांत उतार पडून काही आठवड्यांत कुत्रा चालायला लागतो. डॉक्टरांकडे जायचंच, पण त्या रात्री घाबरून कायमचा निर्णय घेऊ नका.

सगळं करून पुन्हा सुरू झालं तर

चिंगीचं तसंच झालं. सांध्यांचं औषध लागू पडलं, चार महिने छान गेले आणि पुन्हा दोन वाजता उठायला लागली. या वेळी मी वही काढली. उठताना धडपड नव्हती, पाय ताठ नव्हते. ती सरळ पाण्याकडे जात होती. मोजलं तर किलोमागे ११० मिलिलिटर. लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला, त्याचा उपचार झाला आणि पाणी खाली आलं. सांध्यांचं औषध मी वैतागून बंद केलं असतं तर दोन्ही त्रास एकदम उभे राहिले असते. तेच लक्षण परत आलं म्हणजे तेच कारण परत आलं असं नाही. प्रत्येक वेळी नव्या पानावर सुरुवात करा आणि एका वेळी एकच बदल करा, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल. वर्षातून एकदाची तपासणी या वयाला पुरत नाही, दर सहा महिन्यांनी हवी.

तुमची स्वतःची झोपही यात मोडते आणि सलग जागरणाने माणूस चिडतो. घरात पाळ्या लावून घ्या. रात्री ओरडल्याने कुत्रा जास्त घाबरतो, आणि प्रत्येक वेळी खाऊ दिल्याने उठायची सवय लागते. गरज भागवायची, मंद आवाजात बोलायचं, अंगावरून हात फिरवायचा, परत गादीवर आणायचं.

त्याचं जगणं अजून सुखाचं आहे का, हा प्रश्न अशा रात्रींत मनात येतोच. तो रात्री तीन वाजता सोडवायचा नाही. अमेरिकन पशुवैद्य अॅलिस व्हिलालोबोस यांची गुण देण्याची एक पट्टी यासाठी वापरली जाते. दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे; दहा म्हणजे उत्तम, म्हणजे दुखणं जितकं कमी तितके गुण जास्त. एकूण ३५ च्या वर असेल तर जगणं समाधानकारक मानतात. गुण दर पंधरा दिवसांनी, दिवसाउजेडी, घरातल्या दोघांनी वेगवेगळे द्यावेत आणि मग ताडून पाहावेत. एकाच आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय ते जास्त बोलकं असतं, आणि कुठल्या गोष्टीचे गुण घटले त्यावरून पुढचं काम ठरतं.

गेल्या रविवारी चिंगीचे ४७ झाले. भुकेचे नऊ, आनंदाचे आठ, हालचालीचे पाच. बाहेरच्या दाराची पायरी उतरताना ती अजून थांबते, म्हणून तिथे या आठवड्यात खरबरीत मॅट चिकटवलेला लाकडी उतार लावला आहे. पुढच्या रविवारच्या पानावर पाचाचे सहा होतात का ते बघते.